बाहेर ये आणि वर पाहा

हैदराबाद म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर चारमिनार, गोवळकोंड्याचा किल्ला आणि मोत्यांची दुकाने उभी राहतात. मराठवाड्यातील वडीलधाऱ्या मंडळींची तर ती जुनी राजधानीच. 1956 च्या नोव्हेंबरापर्यंत तेथील सर्व सरकारी कारभाराचे तोंड हैदराबादेकडे होते. गन फौंड्री भागातील संत जोसेफचे कॅथेड्रल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेही असेल. आज आम्ही वाचकांना तेथून बेगमपेठेत नेणार आहोत. त्या गजबजलेल्या वस्तीत एका आवारात घुमटाची एक जुनी इमारत आहे. कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिल्याने ती जीर्ण झाली. सहलीला येणारे लोक तिकडे वळत नाहीत. ही निजामिया वेधशाळा. हिची कथा आमच्या वाचकांनी ऐकावी असे आम्हांस वाटते, कारण तिचा एक धागा थेट पोप महाराजांच्या व्हॅटिकनपर्यंत आणि चार धर्मभगिनींपर्यंत जातो.

नवाब जफर जंग हे हैदराबादचे एक सरदार. त्यांना आकाशनिरीक्षणाचा नाद होता. 1901 साली त्यांनी विलायतेहून पंधरा इंची दुर्बीण विकत घेतली आणि फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळेचा संकल्प केला. 1907 साली ते वारले. वेधशाळा सरकारने चालवावी, ही त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे 1908 साली निजाम सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढे ती बेगमपेठेत उभी राहिली. त्याच 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला व हैदराबाद शहरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. घरेदारे वाहून गेली असताना तारे मोजण्याची उठाठेव कशाला, असे त्या वेळी कोणी विचारले असेल, तर त्यास मूर्ख म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. हा प्रश्न खरा आहे. त्याकडे आम्ही पुढे वळूच.

आता त्या कामाविषयी. 1887 साली पॅरिस येथे अनेक देशांचे ज्योतिर्विद एकत्र जमले. फोटोची कला तेव्हा नुकतीच प्रगत झाली होती. संपूर्ण आकाशाचे फोटो काढावे, त्यांवरून प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून नोंदवावी, असा त्यांनी बेत केला. आपल्याकडे जमीनमोजणी होते, शिवाराचे गट पाडले जातात, प्रत्येकाची हद्द कागदावर येते, तशीच ही आकाशाची मोजणी. आभाळाचे आडवे पट्टे पाडून एकेक पट्टा एकेका वेधशाळेकडे सोपविण्यात आला. नुसत्या डोळ्यांना दिसतात त्यांहून शंभर पटींनी मंद तारेही नोंदवायचे होते. तारे लक्षावधी, आणि यंत्रगणकाचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

कित्येक वेधशाळांना हे ओझे पेलले नाही. दक्षिण आकाशाचा एक पट्टा आधी चिली देशातील सांतियागोकडे होता. तेथे तो तसाच राहिला आणि हैदराबादने तो अंगावर घेतला. पोकॉक या संचालकांच्या देखरेखीखाली 1914 साली हे काम सुरू झाले, आणि 1918 पासून टी. पी. भास्करन यांनी ते पुढे चालविले. 1919 साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली. दक्षिणेचा पट्टा उरकल्यावर, मुळात जर्मनीतील पॉट्सडॅमकडे असलेल्या उत्तरेच्या पट्ट्याचा एक भागही हैदराबादने पुरा केला. बारा खंड छापले गेले. साडेसात लाखांहून अधिक नोंदी त्यांत आहेत. आमच्या शेतकरी वाचकांना सांगावयाचे तर, हस्त आणि अनुराधा नक्षत्रांतील काही तारे हैदराबादच्या दक्षिण पट्ट्यात येतात, आणि तेजस्वी अभिजित येतो तो उत्तरेच्या पट्ट्यात. ज्या हस्ताच्या पावसाकडे आपण डोळे लावून बसतो, त्याच्या आभाळाची मोजणी आपल्या शेजारच्या शहरात झाली, हे किती जणांस ठाऊक असेल?

हाच भार उचलणाऱ्या वेधशाळांमध्ये एक व्हॅटिकनची होती. ख्रिस्तसभा विद्येची वैरीण आहे, असा आरोप त्या काळी सर्रास होत असे. पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली व्हॅटिकनच्या वेधशाळेची पुनःस्थापना केली, त्यामागे या आरोपास कृतीने उत्तर देण्याचा हेतू होता. आकाशाच्या उत्तरेकडील एक पट्टा तिच्या वाट्यास आला. फोटो निघाले. परंतु मोजणार कोण? 1906 साली येशूसंघीय धर्मगुरू योहान हागेन हे संचालक झाले. त्यांनी बाल मरियेच्या भगिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघाकडे मदत मागितली. संत बार्तोलोमेया कापितानियो आणि संत विंचेन्झा जेरोसा यांनी इटलीत 1832 साली स्थापलेला हा संघ. रुग्णसेवा आणि मुलींचे शिक्षण हे त्याचे कार्य. 1860 साली याच संघाच्या भगिनी बंगालमध्ये कृष्णनगर येथे सेवेला आल्या होत्या.

1910 साली भगिनी कामाला लागल्या. एकीने सूक्ष्मदर्शकातून फोटोच्या काचेकडे पाहावयाचे, चौकटीत तारा कोठे आहे ते मोजून मोठ्याने आकडे सांगावयाचे. दुसरीने ते वहीत लिहून घ्यावयाचे. मग पुढचा तारा, मग त्याच्या पुढचा. एक काच संपली की दुसरी. असे 1921 पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे चालले. युरोपात महायुद्ध पेटले आणि विझले. या भगिनी आकडे वाचीत व लिहीत होत्या. त्यांनी 4,81,215 ताऱ्यांची मोजणी केली. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 1920 साली त्यांना भेटीस बोलावले आणि सुवर्णाचा मिस्सा-चषक दिला. यानंतर मात्र जग त्यांना विसरले. इतिहासाच्या पुस्तकांत एक फोटो छापला जाई, त्याखाली केवळ ‘धर्मभगिनी’ एवढेच असे. पुढे व्हॅटिकनच्या वेधशाळेतील येशूसंघीय धर्मगुरू साबिनो माफेओ जुने कागद लावीत असता त्यांना नावे सापडली, आणि 2016 साली ती जगापुढे आली. एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोम्बो, कोन्चेत्ता फिनार्दी आणि लुइजिया पान्चेरी. देव ताऱ्यांची गणती करतो आणि प्रत्येकास नावाने हाक मारतो, असे स्तोत्रकर्त्याने म्हटले आहे. ताऱ्यांना त्यांचा क्रमांक मिळाला आणि मोजणाऱ्यांची नावे शंभर वर्षे धुळीत राहिली, हे आम्हांस सुरुवातीस फार खटकले. भगिनींना स्वतःला ते खटकले असते की नाही, याची मात्र शंका आहे.

बेगमपेठेतील किती सहाय्यकांची नावे आज कोणास माहीत आहेत? त्यांपैकी एक होते बाप्पू. त्यांचा मुलगा वेणू वेधशाळेच्या सावलीतच वाढला, निजाम कॉलेजात शिकला, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत हार्वर्डला गेला, आणि 1949 साली तेथे त्याने सहकाऱ्यांसह एक धूमकेतू शोधला. तामिळनाडूतील कावळूर येथील मोठी दुर्बीण आज त्या वेणू बाप्पूंच्या नावाने ओळखली जाते.

असो. एवढ्या कष्टांचे फळ काय? खरे सांगावयाचे तर पुष्कळ दिवस काहीच नाही. योजनेचा एक भाग, म्हणजे आकाशाचा भव्य नकाशा, कधी पुरा झालाच नाही. मोजणीच्या यादीला सारे जग मिळून साठ-सत्तर वर्षे लागली. तोवर विद्या पुढे गेली होती. वेधशाळांनी आपले तारुण्य या कंटाळवाण्या कामात फुकट घालविले, असेही काही विद्वान म्हणू लागले. बारा खंड, आणि इतर वेधशाळांचे असेच खंड, कपाटांत पडून राहिले.

नंतर 1989 साली युरोपच्या देशांनी हिप्पार्कस नावाचा उपग्रह सोडला. त्याने पृथ्वीच्या हवेबाहेरून ताऱ्यांच्या जागा अत्यंत अचूक मोजल्या आणि 1997 साली त्याची यादी प्रसिद्ध झाली. तेव्हा ज्योतिर्विदांना जुन्या खंडांची आठवण झाली. तारे स्थिर दिसतात, पण ते चालत असतात. ही चाल इतकी सूक्ष्म की पाच किलोमीटरवर ठेवलेले रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढे अंतर सरकण्यासही पुष्कळ ताऱ्यांना शंभर वर्षे पुरत नाहीत. एका रात्री, एका वर्षात, एका माणसाच्या आयुष्यात ती चाल नीट कळत नाही. त्यासाठी एक जुनी नोंद हवी आणि एक नवी, आणि दोहोंच्या मध्ये दीर्घ काळ हवा. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने व्हॅटिकन, हैदराबाद आदी सर्व ठिकाणचे जुने आकडे संगणकावर घेतले, नव्या मापाने तपासले, आणि सुमारे 46 लाख ताऱ्यांच्या जुन्या जागा नव्याने हाती आल्या. त्यांच्या आधारे 2000 साली पंचवीस लाख ताऱ्यांच्या गतीची यादी तयार झाली. भगिनींनी वाचलेले आणि बेगमपेठेच्या लोकांनी लिहिलेले आकडे असे कामास आले. त्यांपैकी कोणी ते पाहावयास हयात नव्हते.

घरातील उदाहरण घेऊ. आई मुलाला रोज पाहते. तो वाढला हे तिच्या ध्यानातही येत नाही. मुंबईचा मामा नाताळला येतो आणि उंबऱ्यातच म्हणतो, “अरे, केवढा झालास!” मामाचे प्रेम आईपेक्षा अधिक आहे असे कोणी म्हणणार नाही. मध्ये एक वर्ष गेले, म्हणून त्याला दिसले. आणि आईने दाराच्या चौकटीला पेन्सिलीने खूण करून ठेवली असेल, तर तिलाही दिसते.

आम्ही हे सारे कशासाठी लिहिले? धर्मग्रामात फिरताना एकच गाऱ्हाणे आम्हांस निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येते म्हणून. “फादर, वीस वर्षे नवऱ्याच्या दारूसाठी रोझरी म्हणते आहे, काय झाले?” असे एक मावशी आम्हांस म्हणाल्या. “पोरांना धर्मशिक्षण देता देता म्हातारा झालो, ती पोरे आता रविवारी मिस्सेलाही येत नाहीत,” असे एका वृद्ध धर्मशिक्षकांनी सांगितले. या दुःखापुढे गोड बोलून निघून जाणे आम्हांस जमत नाही. नवरा सुधारेलच, पोरे परततीलच, असे वचन आम्ही कोणासही देत नाही, कारण तसे वचन देवाने आमच्याकडे सोपविलेले नाही. परंतु त्या मावशींना आम्ही एवढे विचारले, की वीस वर्षांपूर्वी तुम्ही कशा होता? त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तेव्हा मी त्याला शाप देत असे.” आम्ही पुढे काही बोललो नाही. बोलण्याची आवश्यकताही नव्हती.

पवित्र शास्त्रातील आब्राहामची कथा आपणांस ठाऊक आहे. तो म्हातारा झाला होता, पोटी संतान नव्हते, आणि देवाशी त्याचा वाद तंबूच्या आत चालला होता. देवाने प्रथम केले ते एवढेच, की त्याला तंबूच्या बाहेर आणले आणि आकाशाकडे पाहून तारे मोजण्यास सांगितले. सारा तशीच वांझ होती, तंबूतील परिस्थितीत त्या रात्री काडीचाही फरक पडला नव्हता. तरी आब्राहामने विश्वास ठेवला. मोशेला तर देवाने नबो डोंगरावरून वचनाची भूमी दुरूनच दाखविली. तीत पाऊल टाकणे त्याच्या नशिबी नव्हते. आणि आपला प्रभू येशू? लोकांची झुंबड उडालेली, रोगी दाराशी, अशा वेळी तो पहाटे अंधारातच उठून एकांत स्थळी प्रार्थनेस जाई. शिष्य त्याला शोधीत मागे येत. तो त्यांच्याबरोबर निघे आणि पुन्हा माणसांच्या गर्दीत शिरे.

या परत येण्याकडे आमचे विशेष लक्ष आहे. दूर होणे म्हणजे पळून जाणे, असा अर्थ करणारेही आपल्यात आहेत. शेताचा बांध भावाने कोरला म्हणून रागाने भजनी मंडळात जाऊन बसणारे, घरी लेकरांच्या शाळेची फी थकलेली असताना या तीर्थावरून त्या तीर्थावर जाणारे आम्ही पाहिले आहेत. त्यास आम्ही भक्ती म्हणत नाही. येथेच मुसी नदीच्या पुराचा आमचा प्रश्न पुन्हा समोर येतो. पुरानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून इंजिनियर झालेले हे गृहस्थ केवळ शहरातील पडक्या घाटांकडे पाहत बसले नाहीत. नदी कोठून येते, वर पाणलोट किती, पाऊस कोठे किती पडतो, याचा त्यांनी अभ्यास केला. शहराचे रक्षण शहरात नसून वरच्या बाजूस धरणे बांधण्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. 1920 साली उस्मानसागर आणि 1927 साली हिमायतसागर पुरे झाले. पुराने उद्ध्वस्त झालेल्या माणसासाठी काही मैल वर चढून जाणारा हा मनुष्य त्याला सोडून गेला होता काय?

आता उजेडाची एक गोष्ट. दुर्बिणीला काळोख लागतो. रोम शहरात विजेचे दिवे वाढले, आकाश पुसट झाले, म्हणून पोप अकरावे पायस यांनी व्हॅटिकनची वेधशाळा शहराबाहेर कास्टेल गांदोल्फो येथे हलविली. 1935 साली ती तेथे सुरू झाली. तेथेही उजेड पोहोचला, तेव्हा ज्योतिर्विद धर्मगुरू अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील डोंगराकडे वळले. बेगमपेठेचेही तेच झाले. शहर वाढत वाढत वेधशाळेभोवती आले, आणि 1968 साली उस्मानिया विद्यापीठाने सुमारे पन्नास किलोमीटरवरील जापल-रंगापूर या खेड्यांजवळ नवी मोठी दुर्बीण बसविली. दिवे काही वाईट नव्हेत; त्यांच्याखाली मुले अभ्यास करतात. पण जवळचा दिवा दूरचा तारा झाकतो, त्याला इलाज नाही. आपल्या घरांत रात्री अकरापर्यंत टीव्ही व मोबाईलचा प्रकाश असतो. त्यात आपण शेजाऱ्याचे लग्न, पुढाऱ्यांचे भांडण, सोन्याचा भाव सारे पाहतो. देवाने गेल्या दहा वर्षांत आपल्या घरात काय केले ते तेवढे दिसत नाही.

शहरातील लोक आठ-आठ दिवसांच्या मौनसाधनेस जातात. आमच्या वाचकांना ते कसे साधावे? गायीम्हशींना सुट्टी नसते, कांद्याची काढणी कोणासाठी थांबत नाही. आमच्या मते ख्रिस्तसभेने गरिबांसाठी रविवार ठेवला आहे तो याचसाठी. मिस्सा संपताच चहाच्या टपरीकडे धावण्याऐवजी दहा मिनिटे मंदिरात, किंवा मागच्या दफनभूमीत आजीच्या थडग्याशी बसता येते. संत इग्नासियो यांनी रोज दिवसाचे परीक्षण करण्यास शिकविले आहे. त्यास काथ्याची बाज आणि पाच मिनिटे पुरतात. आणि घरोघरी एक वही असावी. मोठे काही लिहू नये. कोणाचा बाप्तिस्मा कधी, कोण आजारी पडले, कोणाशी अबोला धरला, तो कधी सुटला, कशासाठी प्रार्थना मागितली, एवढेच, तारखेसह.

अशी एक वही आमच्याकडेही आहे, म्हणजे धर्मग्रामाची बाप्तिस्मा-नोंदवही. वरवर पाहता तिच्याइतके कंटाळवाणे पुस्तक दुसरे नाही. नाव, आईबापांची नावे, धर्मपिता, धर्ममाता, तारीख, धर्मगुरूची सही. पुन्हा नाव, पुन्हा सही. ज्या धर्मगुरूंनी जुनी पाने लिहिली त्यांचे चेहरे आज कोणाला आठवत नाहीत. शाईसुद्धा तपकिरी झाली आहे. परंतु ख्रिस्तसभेचा नियम असा की त्याच ओळीच्या समासात पुढे दृढीकरण व विवाहाची नोंद करावयाची. एखाद्या दुपारी आम्ही ती चाळतो. अन्नान्नदशेच्या वर्षी बाप्तिस्मा झालेले एक मूल. समासात त्याचा विवाह. वीस पाने पुढे तोच मनुष्य शेजाऱ्याच्या बाळाचा धर्मपिता. ज्या दोन घरांचा बांधावरून उभा दावा होता, त्यांची नावे पुढच्या पिढीत एकाच ओळीत, वधू आणि वर म्हणून. ज्याने जे पान लिहिले त्याला हे दिसणे शक्य नव्हते. त्याने त्या दिवशी एक रडणारे बाळ पाहिले आणि ओळ भरली. गेल्या रविवारी आम्हीही दोन ओळी भरल्या.

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाचे ढग येण्यापूर्वी, रात्री अकराच्या सुमारास अंगणातील दिवा मालवून दक्षिणेकडे तोंड करावे. लालसर ज्येष्ठा सहज ओळखू येते. तिच्या उजव्या हातास एकाखाली एक तीन तारे दिसतात, ती अनुराधा. त्यांपैकी वरचे दोन हैदराबादच्या पट्ट्यातील. मुलांना दाखवावे, आणि त्या चार भगिनींची नावेही सांगावीत.